पाटल्या गहाण ठेवून स्पेशल एन्ट्री घ्यावी का?

फोंड्याच्या एका वडिलांनी विचारलंय : मुलगी राष्ट्रीय ११ वर्षांखालील बुद्धिबळ स्पर्धेत सतरावी आली. जागतिक १२ वर्षांखालील स्पर्धेला 'स्पेशल एन्ट्री'ने जाता येईल. तिचा नि आईचा मिळून खर्च ३ लाख ६० हजार. घरात येतात महिना ४६ हजार, एफडी २ लाख ८० हजारांची. एफडी मोडून उरलेल्यासाठी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवाव्यात का?

दादा, हिशोब तुम्ही लेकीच्या स्कोअरशीटच्या पाठीवर लिहिलाय. पुढच्या बाजूला तिची एक्केचाळीस चालींची बरोबरी आहे, प्रत्येक चाल नीट मांडलेली. ते बघून 'जा' म्हणावंसं वाटलं. पण माझं उत्तर नाही असंच आहे.

स्पेशल एन्ट्री म्हणजे निवड नव्हे. जागतिक स्पर्धेत प्रत्येक वयोगटात देशाला एक मुख्य जागा असते आणि त्या खेळाडूच्या राहण्या-जेवणाचा खर्च यजमान करतात. त्या एका जागेपलीकडच्या, म्हणजे स्पेशल एन्ट्रीच्या, प्रवेशांचा सगळा भार पालकांवर, तोही ठरवून दिलेल्या हॉटेलच्या दराने. तुम्ही लिहिलंत, "पैसेवाल्यांचीच मुलं जातात." या वाटेपुरतं ते खरं आहे आणि मलाही ते खुपतं. म्हणून बुद्धिबळ संघटनेकडे निवडयादी आणि निकष लेखी मागा. तो तुमचा हक्क आहे. क्रीडा खात्याकडे मदतीचा अर्ज करायचा तर तोही प्रवासाआधीच करा; आधी खर्च करून मग मदत मिळेल हे गृहीत धरू नका.

आपल्या गोव्याच्या लिऑन मेंडोन्साचं उदाहरण तुम्ही दिलंत. २०२० मध्ये तो वडिलांसोबत युरोपात अडकला, तिथे स्पर्धांमागून स्पर्धा खेळला आणि चौदाव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. पण त्याला नॉर्म, म्हणजे ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारी ठरावीक कामगिरी, हवे होते. तुमच्या मुलीचं रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा, १५२०. अठरा वर्षांखालच्या, २३०० च्या आतल्या खेळाडूंना के-फॅक्टर, म्हणजे निकालागणिक रेटिंग किती हलेल ते ठरवणारा गुणक, ४० मिळतो, मग डाव परदेशात असो की पणजीत. अकरा डावांसाठी साडेतीन लाख घालण्यापेक्षा त्यातल्या सव्वा लाखात वर्षभर चांगला प्रशिक्षक आणि गोवा, पुणे, मुंबईतल्या चार-पाच खुल्या स्पर्धा होतील. तिथे तिला १८०० रेटिंगचे मोठे खेळाडू भेटतील, आणि या वयात तेच लागतं.

एफडी म्हणजे तुमचा सहा महिन्यांचा शिधा आहे, तिला हात लावू नका. हे सव्वा लाखही महिन्याच्या पगारातून, दहा-अकरा हजारांच्या हप्त्याने काढा. गणेश चवथीच्या महिन्यात थोडे कमी पडले तरी चालतील. सुकन्या खात्याचं विचारलंत, तर ते पैसे लेक अठरा वर्षांची होईपर्यंत किंवा दहावी पास होईपर्यंत निघत नाहीत, आणि तेव्हाही शिक्षण किंवा लग्नासाठीच. तुमच्या कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक कामांसाठीच्या, निधीकडेही बघू नका, तो कर्मचाऱ्यांच्या फायद्यासाठी वापरता येत नाही.

पुढे ती राष्ट्रीय १३ वर्षांखालील गटात खेळेल. तिथे क्रमांकावर निवड झाली तर मला परत लिहा. तेव्हा तिच्यासोबत आईने जायला एफडी मोडा, असं मी स्वतः सांगेन.