तवा उतरवून आजी कुठे गेली?

चिऊ,

डिसेंबरात आपण यावलकडे आजीच्या गावी होतो, तेव्हाचं तू काल विचारलंस. मी कामावर निघाले होते, म्हणून नीट सांगता आलं नाही. आजी अर्ध्या भाकरी टाकून, तवा उतरवून गल्लीच्या टोकाला का गेली? आणि ‘देवानं मनात घातलं’ म्हणाली, ते तिला कसं कळलं?

त्या दिवशी वांगी भाजून झाली होती. आजी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती. मधेच तिचा हात थांबला. पिठाच्या हातानंच तिनं डब्यात दोन भाकरी आणि भरीत घातलं आणि निघाली. ज्या काकूंकडे गेली, त्यांची लेक सकाळीच सासरी परत गेली होती आणि काकूंनी चूलही पेटवली नव्हती. आजीला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, “मनात आलं ना माय, मंग काय बसून राहू?”

आपल्याकडच्या बहिणाबाई चौधरी १८८० साली असोद्याला जन्मल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात ओव्या सुचायच्या आणि त्या तिथेच म्हणायच्या. मुलगा सोपानदेव ऐकून उतरवून घ्यायचा. ‘दळण उरकू दे, मग बघू’ असं त्या म्हणाल्या असत्या, तर आज आपल्याकडे काय राहिलं असतं?

मी मात्र एकदा बसून राहिले. एकोणीस वर्षांची होते. आषाढी होऊन गेली होती. भुसावळ स्टेशनवर एक म्हातारी वारकरीण बाकावर बसली होती. मुक्ताईच्या पालखीबरोबर महिनाभर चालली होती. टाचा इतक्या फुटलेल्या की भेगांत माती काळी होऊन बसलेली. पायात काही नव्हतं, आणि माझ्या पिशवीत चपलांचा जादा जोड होता. मनात आलं, देऊन टाक. मग वाटलं, मापाला होतील का, तिला राग आला तर? तेवढ्यात तिची पॅसेंजर आली आणि ती गेली. त्या चपला मी पुढे वर्षभर वापरल्या. घालताना दर वेळी त्या टाचा दिसायच्या.

आता ‘कसं कळतं’ याबद्दल. मनात येईल ते सगळं आजी लगेच करत नाही. बांधावरून भांडण झालं की तिच्याही मनात खूप येतं. तेव्हा ती कापूस घेऊन वाती वळत बसते, दोन-दोन तास, आणि कुणाकडे जात नाही. रागाचं असेल तर वाती, कुणाला काही द्यायचं असेल तर तवा खाली. मी तिच्याकडून एवढंच शिकले, आणि तेही उशिरा.

परवा गाडीत तू म्हणालीस, वर्गातल्या नव्या मुलीला तुझी चित्रांची वही दाखवावीशी वाटली होती, पण राहिलं. ती वही मी तुझ्या दप्तरात ठेवली आहे.

तुझी आई