अ‍ॅस्बेस्टॉसचा आजार, बंद पडलेला कारखाना आणि बाबांचा भरपाईचा दावा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबा 1985 ते 2012 मुलुंड-भांडुप पट्ट्यातल्या एका अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात होते. व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊन बाहेर पडले, नंतर कारखाना बंद झाला. आता एक जिना चढला तरी दम लागतो. टीबीची औषधं पूर्ण झाली, फरक पडला नाही. नव्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन पाहून केसपेपरवर ‘फायब्रोसिस’ लिहिलं. आणि नातेवाईक सांगतात की इतक्या वर्षांनी आता काही मिळायचं नाही. मी याच पट्ट्यात बरीच वर्षं युनियनचं काम केलं आहे आणि अशा दाव्यांमध्ये कामगारांबरोबर फिरलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नातेवाइकांचं म्हणणं बरोबर नाही. अ‍ॅस्बेस्टोसिस (अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुस कडक होणं) हा कायद्याने मान्य केलेला व्यावसायिक आजार आहे, आणि अ‍ॅस्बेस्टॉसमुळे झालेला फुप्फुसाचा कॅन्सर व मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) हेसुद्धा. कामगार भरपाई कायदा 1923 आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कायदा 1948 या दोन्हींच्या तिसऱ्या अनुसूचीत हे आजार आहेत. नोकरी सुटल्यावर आजार दिसला तरी तो कामामुळेच झाला हे सिद्ध करता आलं, तर तो कामावरचा अपघातच मानला जातो. मी पाहिलेले बहुतेक दावे अडले ते कायद्यापाशी नाही, केसपेपरपाशी. म्हणून आधी त्याबद्दल.

नुसता ‘फायब्रोसिस’ हा शब्द दाव्यासाठी पुरेसा नाही. फुप्फुस कडक होण्याची कारणं कितीतरी असतात आणि समोरचा वकील ती एकेक करून मोजून दाखवतो. केसपेपरवर कामाचा इतिहास लिहिलेला हवा: कुठल्या साली, कुठल्या खात्यात, नेमकं काय काम. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर हे आपणहून विचारतीलच असं नाही. तेव्हा तुम्ही एका कागदावर लिहून न्या. बाबांना शेजारी बसवून विचारा. फायबरच्या गोण्या कोण फोडायचं? मिक्सरवर किती वर्षं होते? पत्रे किंवा पाइप कापायचं, घासायचं, भोकं पाडायचं काम केलं का? झाडू कोण मारायचं, आणि पाणी मारून की कोरडाच? पंखे होते का, धूळ ओढून घेणारी यंत्रणा चालू असायची का? मास्क मिळाला असेल तर तो कसला, कापडी की खरा? गोण्या फोडणाऱ्याला आणि कोरडी सफाई करणाऱ्याला सगळ्यात जास्त धूळ मिळते. नोंद फक्त ‘हेल्पर’ एवढीच झाली, तर ही माहिती कायमची हरवते.

तपासण्यांबद्दल. छातीचा फोटो आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वर्गीकरणाप्रमाणे वाचलेला हवा, म्हणजे प्रमाण फोटो शेजारी ठेवून त्याला श्रेणी दिलेली. सोबत एचआरसीटी (फुप्फुसांचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन) आणि श्वासाची तपासणी, म्हणजे पीएफटी. त्यात जमलं तर डीएलसीओही, कारण फुप्फुसातून रक्तात प्राणवायू किती जातो ते त्यात कळतं. स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ‘प्लूरल प्लाक’ असा उल्लेख आहे का ते आजच पाहा. फुप्फुसाच्या आवरणावरचे हे जाड डाग म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस शरीरात गेल्याची मोठी खूण, आणि पुष्कळदा रिपोर्टच्या मधल्या परिच्छेदात त्यांचा उल्लेख असूनही शेवटच्या निष्कर्षात नसतो. कामाचा इतिहास आणि स्कॅन जुळत असले तर बायोप्सी सहसा लागत नाही. बाबांच्या वयात आणि तब्येतीत कुणी ती सुचवली तर कशासाठी, हे जरूर विचारा.

टीबीचं सांगायचं तर आपल्याकडे कारखान्यातल्या माणसाला खोकला आणि दम म्हटलं की आधी टीबीचाच विचार होतो, आणि तसा तो व्हायलाही हवा. पण थुंकीत जंतू सापडले होते की फक्त फोटो पाहून औषधं सुरू केली, हे जुन्या कागदांत शोधा. जंतू सापडलेच नसतील आणि पूर्ण कोर्सनंतरही फोटो तसाच असेल, तर तो कागद तुमच्या बाजूने बोलतो. सध्याची कुठलीही औषधं मात्र स्वतःहून बंद करू नका.

बाबा बिडी ओढत असतील तर कंपनीची बाजू तीच पुढे करणार. बिडीने अ‍ॅस्बेस्टोसिस होत नाही. दोन्ही एकत्र असले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका मात्र कितीतरी पटींनी वाढतो, म्हणून ओढत असतील तर आजच थांबवा. डॉक्टरांपासून ही गोष्ट लपवू नका. लपवलेली गोष्ट उलटतपासणीत बाहेर आली, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

कुठे दाखवायचं? केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांत छातीविकार विभाग आहेत. बाबा ईएसआयमध्ये असतील तर तिथूनच सुरुवात करा. सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे, अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक स्वास्थ्य संस्था आहे, आणि तिथल्या तज्ज्ञांचं मत कोर्टात वजन धरतं. मुंबईतलं ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटर 1988 पासून कामगार संघटनांबरोबर हेच काम करत आलं आहे. त्यांच्या डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीतल्या 181 कामगारांची तपासणी केली होती, तीसुद्धा युनियनने मागणी केली म्हणून. 2005 मध्ये ती प्रसिद्ध झाली. पाचातल्या एकाहून जास्त कामगारांना अ‍ॅस्बेस्टोसिस निघाला. त्याच निबंधात म्हटलं आहे की देशात अंदाजे एक लाख कामगार या धुळीत काम करत असताना तोवर भरपाई मिळालेले तीसही नव्हते. हा आकडा वाचून मला आजही राग येतो. इतकी माणसं आजारी पडली आणि त्यांच्या आजाराचं नावही कुणी कागदावर लिहिलं नाही.

आता दाव्याचं. बाबांच्या पगारातून ईएसआय कापला जायचा का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं. जुनी पगाराची पावती किंवा ईएसआयचं कार्ड शोधा. ईएसआय असेल तर दावा ईएसआय महामंडळाकडे करायचा, त्याच आजारासाठी कंपनीकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. तिथलं वैद्यकीय मंडळ तपासून कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं, आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम आयुष्यभर मिळते. पूर्ण अपंगत्व असेल तर सरासरी पगाराच्या 90 टक्के. या आजाराने माणूस गेला तर पत्नीला आश्रितांचा लाभ मिळतो. मंडळाने टक्के फार कमी धरले असं वाटलं तर अपील करता येतं, आणि ते करावं. पहिल्या निर्णयावर गप्प बसलेले फार कामगार मी पाहिले आहेत.

ईएसआय नसेल तर भरपाई आयुक्तांकडे, म्हणजे आपल्याकडे कामगार न्यायालयात. सुरुवातीची काही वर्षं बाबा कंत्राटदाराकडून लागले असतील तरी घाबरू नका, मूळ कारखानदारही जबाबदार असतो. दोन-तीन कारखान्यांत काम झालं असेल तर आयुक्त प्रत्येकाचा वाटा ठरवू शकतात.

रक्कम कशी निघते ते आकड्यांत सांगतो. पूर्ण अपंगत्व असेल तर मासिक पगाराच्या 60 टक्क्यांना वयाच्या गुणकाने गुणायचं. साठाव्या वर्षी हा गुणक 117.41 आहे. या कायद्यात पगार कितीही असला तरी तो एका मर्यादेपर्यंतच धरतात. 2010 पासून ती मर्यादा 8,000 रुपये होती, जानेवारी 2020 पासून 15,000 झाली. 15,000 धरले तर 9,000 गुणिले 117.41, म्हणजे 10,56,690 रुपये. 8,000 धरले तर 5,63,568. क्षमता 40 टक्के गेली असं ठरलं तर त्यातले 40 टक्के, म्हणजे अनुक्रमे 4,22,676 आणि 2,25,427. फरक किती मोठा आहे बघा. नोकरी सुटलेल्या माणसाच्या बाबतीत कुठला पगार आणि कुठली तारीख धरायची यावर वाद होतोच, म्हणून आजार पहिल्यांदा कधी ओळखला गेला ते दाखवणारा कागद जपून ठेवा. देणं लागू झाल्यापासून महिन्याभरात रक्कम दिली नाही तर 12 टक्के व्याज लागतं, आणि सबळ कारण नसताना टाळाटाळ केली तर वर 50 टक्क्यांपर्यंत दंड. अर्जात दोन्ही मागा. न मागितल्यामुळे राहून गेलं असं होऊ देऊ नका.

कायद्याच्या नावाबद्दल एक खुलासा. 21 नोव्हेंबर 2025 पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये सामावले गेले आहेत. मी वर सांगितलं ते जुन्या कायद्याच्या हिशेबाने. आजारांची यादी, गुणक, आयुक्त अशी रचना संहितेतही आहे, पण कलमं आणि मर्यादा वकिलाकडून तपासून घ्या. बाबांचा आजार कुठल्या तारखेचा धरला जातो यावर कुठला कायदा लागू हे ठरेल.

मुदतीची भीती खरी आहे, तिला हलकं घेऊ नका. जुन्या कायद्यात दोन वर्षांत दावा करायचा होता. पण आयुक्तांना सबळ कारण पटलं तर उशीर माफ करता येतो, आणि आजाराचं नावच आत्ता कळलं, त्याआधी टीबी समजून उपचार चालले होते, हे कारण कागदोपत्री दाखवता येतं. तेव्हा अर्जासोबत उशीर माफ करण्याचा अर्जही द्या, आणि नाव कळल्यानंतर मात्र दिवस घालवू नका.

व्हीआरएस घेताना ‘यापुढे कंपनीवर माझा कसलाही दावा नाही’ अशा कागदावर बाबांनी सही केली असणार, जवळपास सगळ्यांनी केली आहे. कामगार भरपाई कायद्याच्या कलम 17 प्रमाणे भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार त्या बाबतीत रद्दबातल आहे. ती सही आठवून कितीतरी जण घरीच बसले. आता कंपनीच्या वतीने कुणी थोडे पैसे घेऊन आलं आणि सही मागितली, तर तडजोड आयुक्तांकडे नोंदवल्याशिवाय काही स्वीकारू नका.

पुरावा म्हणून काय लागेल? नेमणुकीचं पत्र, सेवा प्रमाणपत्र, हिशेबाचा कागद, गेटपास, पीएफचा नंबर आणि पासबुक. कारखाना बंद पडला तरी पीएफ कार्यालयातली नोंद राहते, म्हणून नोकरीची वर्षं सिद्ध करायला ती फार कामाची. शिवाय याच विषयावर सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 ला कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर या संस्थेच्या याचिकेवर दिलेला निकाल वकिलाच्या हातात नक्की द्या. अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद नोकरी लागल्यापासून 40 वर्षं किंवा सुटल्यापासून 15 वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर जपली पाहिजे, असा त्यात आदेश आहे. बाबांच्या बाबतीत 1985 पासूनची 40 वर्षं 2025 ला भरली, पण 2012 पासूनची 15 वर्षं 2027 ला भरतात. म्हणजे ती नोंद 2027 पर्यंत असायलाच हवी. कंपनीला, तिची मालकी आता ज्यांच्याकडे आहे त्यांना, आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला रजिस्टर पोस्टाने लेखी मागणी करा. संचालनालयाकडे माहिती अधिकारातही अर्ज टाका. कंपनीने नोंद दिली नाही, तर ती न देणं हाच तुमचा एक मुद्दा होतो. त्याच निकालात गुजरातच्या कारखान्यांतल्या ज्या कामगारांना तपासणीत अ‍ॅस्बेस्टोसिस निघेल त्यांना प्रत्येकी एक लाख रुपये देण्याचा आदेश होता, आणि आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं होतं. 2011 मध्ये न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घालायला नकार दिला, पण 1995 चे आदेश कायम ठेवले.

तुमच्या पट्ट्यापुरती आणखी एक गोष्ट. मुलुंड आणि घाटकोपरच्या जुन्या अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांमध्ये टर्नर अँड न्यूऑल या ब्रिटिश कंपनीची मालकी होती. ती कंपनी 1998 मध्ये फेडरल-मोगल या अमेरिकी कंपनीने घेतली, 2001 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज झाला आणि पुढे बाधितांसाठी ट्रस्ट स्थापन झाला. बाबांचा कारखाना आणि त्यांची वर्षं त्यात बसतात का, हे वर सांगितलेल्या सेंटरमध्ये विचारून घ्या. यावर भरवसा ठेवून इथला दावा मात्र लांबवू नका.

जुने साथीदार शोधा. बाबांच्या खात्यातले दोघे-तिघे जरी भेटले तरी ते धुळीबद्दल साक्ष देऊ शकतात, आणि त्यांच्यातल्या कुणाला तोच त्रास असण्याची शक्यता बरीच आहे. एकाच कारखान्यातले चार-पाच दावे एकदम आले तर ‘हा याच्या एकट्याच्या बिडीचा परिणाम’ असं म्हणणं कंपनीला जड जातं. गणपतीला गावी गेलात तर तिथेही चौकशी करा. या कारखान्यांतले कितीतरी कामगार कोकणातले आणि घाटावरचे, हिशेब घेऊन गावी परतलेले. तालुक्याच्या डॉक्टरकडे ते आजही दम्याची औषधं घेत असतील.

आईचाही छातीचा फोटो काढून घ्या. कारखान्याचे कपडे घरी तीच झटकायची आणि धुवायची असणार, आणि त्या धुळीनेही हे आजार होतात. ती कामगार नसल्यामुळे या कायद्यांखाली तिला भरपाई नाही, आणि हे मला फार अन्यायाचं वाटतं. पण निदान लवकर कळलं तर उपचार आणि देखरेख तरी वेळेवर होईल. तिच्या केसपेपरवरही ‘पती अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यात, कपडे घरी धुतले’ हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

स्कॅनच्या रिपोर्टमधला मधला परिच्छेद आणि ईएसआयचं काय ते इथेच कळवा, बाबांचं आणि कारखान्याचं नाव झाकून. त्यावरून पहिला अर्ज कुणाकडे आणि कसा लिहायचा ते सांगतो.