आधी पेनड्राइव्ह, मग स्क्रूड्रायव्हर

तुमचा प्रश्न असा आहे: नवीन एसएसडी आली आहे, कॉम्प्युटर एकच आहे, तर आधी डिस्क बदलायची की आधी विंडोजचा पेनड्राइव्ह करायचा? आधी पेनड्राइव्ह. आणि तो नुसता करून ठेवू नका, जुनी डिस्क आत असतानाच त्यावरून मशीन एकदा बूट (सुरू) करून बघा. कोरी डिस्क बसवल्यावर पेनड्राइव्ह चालला नाही, तर दुसरा करायला तुमच्याकडे मशीनच नसेल.

पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा घ्या. तो पूर्ण पुसला जातो, म्हणून त्यातलं काही हवं असेल तर आधी काढून घ्या. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल डाउनलोडपासून शेवटपर्यंत सगळं स्वतः करतं, पहिल्यांदाच करत असाल तर तेच वापरा. आयएसओ (विंडोज सेटअपची एकत्र फाइल) वेगळी उतरवली असेल तर तिचा पेनड्राइव्ह बनवणारं रुफस हे सॉफ्टवेअर घ्या. त्यात पार्टिशन स्कीम, म्हणजे डिस्कची मांडणी, विचारतात. विंडोजमधलं सिस्टिम इन्फर्मेशन उघडून 'बायोस मोड'समोर (बायोस म्हणजे मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) काय लिहिलंय ते बघा: यूईएफआय (सुरू होण्याची नवी पद्धत) असेल तर जीपीटी, लेगसी (जुनी पद्धत) असेल तर एमबीआर. आयएसओमधल्या फाइली हाताने कॉपी करायच्या भानगडीत पडू नका. यूईएफआयला पेनड्राइव्हवर फॅट३२ या फॉरमॅटची सवय, फॅट३२वर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही आणि विंडोजची मुख्य इन्स्टॉल फाइल बऱ्याचदा त्याहून मोठी असते.

आता लोक सगळ्यात जास्त जिथे अडकतात ते. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (डिस्क हाताळणारी इंटेलची सोय) चालू असतं. अशा मशीनवर सेटअप 'कुठे इन्स्टॉल करायचं' या पानावर येतो आणि यादी रिकामी! एसएसडी चांगली असते, सेटअपकडे ती ओळखायचा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) नसतो इतकंच. लोक मात्र डिस्क खराब समजून परत पाठवतात, याचं मला फार वाईट वाटतं. आत्ताच डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'स्टोरेज कंट्रोलर्स' उघडा. तिथे व्हीएमडी किंवा आरएसटी (इंटेलचा डिस्क ड्रायव्हर) असं नाव दिसलं, तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा आरएसटी ड्रायव्हर उतरवा आणि उलगडून त्याचा फोल्डर पेनड्राइव्हवर टाका. आत .inf (आयएनएफ) फाइल दिसायला हवी, नुसती .exe (ईएक्सई) फाइल ठेवून भागत नाही. सेटअपमध्ये यादी रिकामी दिसली की 'लोड ड्रायव्हर' दाबून हा फोल्डर दाखवायचा. वायफायचा ड्रायव्हरही सोबत ठेवा, विंडोज ११ सेटअपमध्येच इंटरनेट मागतं.

बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा. बायोसमध्ये काही बदललं की जुनी डिस्क ती मागू शकते.

मग चाचणी. मशीन बंद करा, पेनड्राइव्ह लावा, सुरू करताना बूट मेनूची की दाबा (कंपनीप्रमाणे एफ१२, एफ११, एफ९ किंवा एस्केप) आणि पेनड्राइव्हची नोंद निवडा (बायोस मोड यूईएफआय असेल तर यूईएफआय लिहिलेली). भाषा निवडायचं पान आलं, कीबोर्ड-माऊस चालले, की तिथूनच बाहेर पडा. पुढे जाऊ नका, जुना डेटा अजून आत आहे.

डेस्कटॉपमध्ये दोन्ही डिस्क ठेवायच्या असल्या तरी इन्स्टॉल होईपर्यंत जुनीची केबल काढून ठेवा. नाहीतर बूटलोडर (विंडोज सुरू करणारा भाग) जुन्या डिस्कवर जाऊन बसतो आणि पुढे ती काढली की नवीवरून मशीन सुरू होत नाही. ॲक्टिव्हेशनची काळजी नको. डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेलं असतं, तीच एडिशन (होम किंवा प्रो) टाकलीत तर नेट मिळाल्यावर बहुधा आपोआप लागतं. पहिल्या रीस्टार्टनंतर पुन्हा भाषेचंच पान दिसलं, तर मशीन परत पेनड्राइव्हवरून सुरू झालंय. तो काढा आणि पुन्हा चालू करा.