बॉक्स गाडीत गेला, पण टिक वाजलं का?

या वेळच्या पत्रांत कुरिअरच्या पिकअपचीच (ड्रायव्हर दारातून माल उचलून नेतो त्याची) भांडणं जास्त. चार धंदेवाले ड्रायव्हरवर चिडलेत आणि एक ड्रायव्हर धंदेवाल्यांवर. मी स्वतः सात वर्षं व्हॅन चालवली, नंतर हबवर (सगळ्या गाड्यांचा माल जिथं उतरून छाटतात तिथं) डिस्पॅच, म्हणजे माल पुढं रवाना करायचं काम बघितलं, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या खाऊन झाल्यात. चला.

प्रश्न: दादा, आमच्याकडून रोज 40-45 बॉक्स जातात. ड्रायव्हर येतो, धडाधड गाडीत टाकतो, आमच्या वहीत सही करतो नि सुटतो. मागच्या आठवड्यात दोन बॉक्स ट्रॅकिंगला आलेच नाहीत आणि कुरिअरवाले म्हणतात आम्हाला मिळालेच नाहीत. पण सही आहे ना आमच्याकडे?

सही आहे हो, पण कशावर आहे? वहीत "40 बॉक्स मिळाले" एवढंच असेल तर कुठले 40 ते त्यात कुठंय? समोरचा म्हणणार, मिळाले ते 40 हेच, हरवलेले दोन वेगळे. झालं, अडकलात.

ड्रायव्हरच्या हातातल्या बारकोड वाचायच्या मशीनचं टिक वाजतं ना, तो खरा पुरावा. त्या एका टिकमध्ये त्या पार्सलचा नंबर आणि वेळ नोंदली जाते, नेटवर्क नसलं तरी बहुतेक मशिनं ते साठवून ठेवतात आणि मग वर पाठवतात, म्हणून ट्रॅकिंगला लगेच दिसलं नाही म्हणून लगेच घाबरू नका. पण टिक वाजलंच नाही तर त्या बॉक्सची पुढची नोंद थेट हबवर, म्हणजे तुमच्या दारापासून हबच्या पट्ट्यापर्यंतचे काही तास बॉक्स कोणाचाच नाही. हरवतो तो बरेचदा तिथंच.

अजून एक गंमत, मोठ्या पिकअपला मॅनिफेस्टवरचा, म्हणजे सगळ्या पार्सलांच्या एकत्र यादीवरचा, एकच बारकोड मारायचा असाही प्रकार असतो (अमेरिकेच्या पोस्टात त्या कागदाला स्कॅन फॉर्मच म्हणतात). एक टिक आणि सगळे नंबर "पिकअप झाले". दिसायला छान, पण बॉक्स मोजले कोणीच नाहीत. प्लॅस्टिक गुंडाळलेल्या पॅलेटचं (फळ्यांच्या चौकटीवर रचलेल्या थप्पीचं) पण तेच, ड्रायव्हर सही करतो ती एका पॅलेटवर, आत 48 आहेत की 47 हे त्यानं बघितलेलं नसतं आणि कागदावर बरेचदा तसं स्पष्ट लिहिलेलं पण असतं, मोजणी पाठवणाऱ्याची म्हणून.

मग करायचं काय, तर दहा-दहाच्या थप्प्या लावा आणि सगळी लेबलं एकाच बाजूला बाहेर तोंड करून. ड्रायव्हर स्कॅन का टाळतो माहितीय? एकेक बॉक्स उचलून, फिरवून, लेबल शोधावं लागतं म्हणून. समोर ओळीत लेबलं दिसली तर तो उभ्या उभ्या टिक टिक करत जातो, त्याला पण तेच हवं असतं. तरी नाही म्हणाला तर वहीऐवजी नंबरांच्या छापील यादीवर सही घ्या आणि लेबलं वाचता येतील असा थप्पीचा फोटो काढा, गाडीत चढायच्या आधी.

माझंच सांगतो, एकदा घाईत तोंडी 31 मानून निघालो, हबवर 30 भरले. रात्री फोनाफोनी, मी चोर ठरायच्या बेतात. बॉक्स निघाला त्यांच्याच पॅकिंगच्या टेबलाखाली, वर टेपचं रीळ ठेवलेलं! त्यानंतर न मोजता मी कुणाच्या दारातून हललो नाही.

प्रश्न: पिकअप कायम दुपारनंतरच का? सकाळी माल तयार असतो, सांगून पण येत नाहीत. आणि पाच मिनिटं थांब म्हटलं तर तोंड वाकडं.

सकाळी व्हॅन डिलिव्हरीच्या मालानं गच्च भरलेली असते, तुमचे 20 बॉक्स ठेवणार कुठं? गाडी जशी रिकामी होत जाते तशी पिकअपला जागा होते. आणि पाच मिनिटांचं म्हणाल तर ती तुमची एकट्याची नसतात. हबवरून पुढच्या शहराचा ट्रक ठरल्या वेळी सुटतो, त्याआधी सगळा माल उतरून, छाटून, चढवायचा असतो. दहा ठिकाणी पाच-पाच मिनिटं गेली की तो ट्रक गेला, आणि मग सगळ्यांचंच पार्सल एक दिवस मागं. रोजचं पिकअप असेल तर वेळेची खिडकी, म्हणजे किती ते किती वाजेपर्यंत येणार ते, लेखी मागून घ्या आणि तिच्या अर्धा तास आधी शेवटची टेप मारून मोकळे व्हा. ड्रायव्हर आल्यावर प्रिंटर चालू करणारे लोक मी बघितलेत, त्यांना काय बोलणार.

प्रश्न: 60 बाय 50 बाय 40 सेंटिमीटरच्या बॉक्सचं वजन 4 किलो आणि बिल 24 किलोचं! ड्रायव्हरनं चुकीचं मोजलं का?

नाही, बिचाऱ्यानं मोजायची टेप लावून फक्त मापं टाकली, बिल लागलंय ते बॉक्सनं अडवलेल्या जागेवर. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि 5000 नं भागा, डीएचएल, फेडेक्स, यूपीएस यांच्या आंतरराष्ट्रीय एक्स्प्रेसला हाच हिशोब. तुमचा 60 बाय 50 बाय 40 म्हणजे बरोब्बर 24 किलो. आत हवाच जास्त असेल तर उंची 25 वर आणा, 15 किलो होतील.

प्रश्न: पॉवर बँकचे बॉक्स ड्रायव्हर उचलत नाही, मोबाईल मात्र नेतो. दोन्हीत बॅटरीच ना?

फरक आहे. मोबाईलमधली बॅटरी उपकरणाच्या आत धरतात, पॉवर बँक मात्र सुटी लिथियम बॅटरी धरली जाते. आणि सुटी लिथियम-आयन बॅटरी प्रवासी विमानातून कार्गो म्हणून न्यायला 1 एप्रिल 2016 पासून बंदी आहे, मालवाहू विमानात नेतानाही चार्ज 30 टक्क्यांच्या वर नको असा नियम त्याच वेळी आला. "खेळणी" लिहून खपवू नका, फसतं. आधी ऑफिसात सांगा, रस्त्यानं पाठवता येतं का ते विचारा.

प्रश्न: मी ड्रायव्हर आहे. गेलो की माल तयार नसतो, वर मलाच म्हणतात दादा जरा लेबल चिकटवा, जरा टेप मारा. नाही म्हटलं की तक्रार.

भाऊ, टेप एकवेळ मारून दे, माणुसकी म्हणून, लेबलाला मात्र हात लावू नकोस. दोन लेबलं अदलाबदल झाली की दोन गिऱ्हाईकं चुकीचा माल उघडणार आणि नाव तुझं निघणार. ते त्यांना चिकटवायला लाव आणि उभ्या उभ्या तीन गोष्टी बघून घे: जुनं लेबल खाली तसंच आहे का, बारकोड कोपऱ्यावर दुमडलाय का, आणि वरून चकचकीत टेप मारलीय का. उजेड चमकला की मशीन वाचत नाही, मग हबवर कुणीतरी हातानं नंबर टाकत बसतं.

माल तयार नसेल तर "नंतर येतो" म्हणून निघू नकोस. दारातच मशीनवर "माल तयार नाही" टाक. नुसता निघून गेलास तर ऑफिसात दिसतं ड्रायव्हर गेलाच नाही. मी हे पहिली दोन वर्षं केलं नाही आणि दर महिन्याला साहेबापुढं उभा असायचो.