टेप घ्यावी की डिस्क? बॅकअपविषयी तुमचे प्रश्न

मेनफ्रेमचा (मोठ्या संस्थांच्या मुख्य संगणकाचा) बॅकअप अजून चुंबकीय टेपवर का घेतात? – अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नांदेड

ड्राइव्हमधून काढून कपाटात ठेवलेल्या टेपपर्यंत रॅन्समवेअर (डेटा अडवून खंडणी मागणारा व्हायरस) पोचत नाही आणि तिला वीजही लागत नाही. आयबीएमच्या १९८४ च्या ३४८० काट्रिजमध्ये (टेपच्या डबीत) २०० एमबी मावत. २०२३ मध्ये आलेल्या ३५९२ मालिकेतल्या काट्रिजमध्ये कॉम्प्रेशन (डेटा दाबून लहान करणे) न करताच ५० टीबी मावतात; एक टीबी म्हणजे सुमारे दहा लाख एमबी. बऱ्याच ठिकाणी मध्ये टीएस७७०० सारखी व्हर्च्युअल टेप यंत्रणा असते. मेनफ्रेमला ती टेपच वाटते, पण डेटा आधी डिस्कवर उतरतो आणि सवडीने खऱ्या टेपवर जातो. ही रचना नीट समजून घ्या, नोकरीत उपयोगी पडेल.

टेपची पेटी पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवली तर चालेल का? – परभणी

नाही. आजच खाली उतरवा. टेप तीस वर्षे टिकते असे उत्पादक सांगतात ते साधारण १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता धरून. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखालची गोष्टच वेगळी. काट्रिज उभी ठेवा, धूळ लागू देऊ नका. बाहेरून आणलेली टेप दिवसभर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच ड्राइव्हमध्ये घाला.

आमच्या पतसंस्थेचा डेटा जेमतेम दोन टीबी आहे. एलटीओ (टेपचा एक प्रचलित प्रकार) ड्राइव्ह घ्यावा का? – लातूर

एवढ्यासाठी नको, ड्राइव्हचाच खर्च अंगावर येईल. तीन हार्ड डिस्क घ्या, एन्क्रिप्ट करा (डिजिटल किल्लीशिवाय डेटा वाचता येणार नाही असे करा) आणि आलटून पालटून वापरा. एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी डिस्क) मात्र वर्षानुवर्षे बंद ठेवू नका. वीज नसताना, त्यातही उकाड्यात, तिच्यातला डेटा उडू शकतो. तीनपैकी एक डिस्क जिल्ह्याबाहेर हवीच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप लातूरकरांना मी काय सांगावा? कार्यालय आणि व्यवस्थापकांचे घर एकाच गावात असेल, तर तिथल्या दोन प्रती ही एकच प्रत समजा. दर तिमाहीला दुसऱ्या संगणकावर पूर्ण डेटा परत उतरवून ताळेबंद जुळतो का, ते पाहा. हे केल्याशिवाय बॅकअप झाला असे मी तरी म्हणणार नाही.

एलटीओ-९ ड्राइव्हवर जुन्या एलटीओ-४ टेप वाचता येतील? – छत्रपती संभाजीनगर

येणार नाहीत. तो फक्त आठवी आणि नववी पिढी वाचतो. एलटीओ-४, ५ किंवा ६ चा चालू ड्राइव्ह मिळवा आणि सगळे नव्या टेपवर उतरवून घ्या. टेप एन्क्रिप्टेड असतील तर आधी किल्ल्या शोधा, ड्राइव्ह नंतर.