१५ हजारांत अकूस्टिक गिटारसाठी माईक कुठला घेऊ?

प्रश्न: मी नाशिकला राहतो, बिल्डिंग अगदी रोडला लागून आहे. अकूस्टिक गिटार वाजवतो, जास्त करून फिंगरस्टाइल. आत्तापर्यंत मोबाईलवरच रेकॉर्ड केलं पण आवाज डबड्यातून आल्यासारखा येतो. माईक, इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) सगळं धरून १५ हजारांचं बजेट आहे. मित्र म्हणतो कंडेन्सर (बारीक आवाजही पकडणारा, वीज लागणारा माईक) अजिबात घेऊ नकोस, गाड्या, पंखा सगळं पकडतो, डायनॅमिकच (विजेशिवाय चालणारा) घे, शुअर एसएम५७. खरंय का? आणि यूएसबी माईक चालेल का?

उत्तर: एसएम५७ उत्तम माईक आहे यात वादच नाही, १९६५ पासून बाजारात आहे आणि आजही गिटार अँपसमोर, स्नेअर ड्रमवर लोक तोच लावतात. पण तिथे आवाज दणदणीत असतो आणि माईक अगदी चिकटून ठेवलेला असतो. तुम्ही हळुवार बोटांनी वाजवणार आणि माईक फूटभर लांब, मग गेन, म्हणजे माईकचा सिग्नल मोठा करायचं प्रमाण, भरपूर वाढवावा लागतो. आकड्यात सांगायचं तर ऑडिओ-टेक्निका एटी२०२० या कंडेन्सरचा सिग्नल एसएम५७ पेक्षा साधारण १९ डेसिबलने (डीबी) जास्त येतो. एसएम५७ घेतलात तर तेवढा गेन इंटरफेसवर चढवायचा, आणि गेन चढवला की गिटारसोबत पंखापण चढतो, हॉर्नपण चढतो, वर स्वस्त प्रीअँपची (इंटरफेसमधल्या सिग्नल वाढवणाऱ्या भागाची) सूं सूं वेगळीच.

डायनॅमिक माईक बाहेरचा गोंगाट गाळून टाकतो हा समज फार पसरलाय, पण दोन्ही माईक कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारे) असतील आणि गिटारपासून सारख्याच अंतरावर असतील तर गिटार किती आणि गोंगाट किती हे प्रमाण जवळपास तेच राहतं. डायनॅमिकवर गोंगाट कमी वाटतो कारण लोक तो तोंडाला लावून वापरतात, बाकी काही नाही.

तेव्हा माझं मत विचाराल तर एटी२०२० आणि ४८ व्होल्ट फँटम पॉवर (केबलमधूनच माईकला मिळणारी वीज) देणारा साधा इंटरफेस, बेहरिंगर यूएम२ वगैरे. फँटम पॉवर नसेल तर हा माईक चालणारच नाही, त्यामुळे ते आधी बघा. स्टँड आणि एक्सएलआर केबल (माईकची तीन पिनांची केबल) वेगळी घ्यावी लागते हे हिशोबात धरा, आणि किमती सारख्या वरखाली होतात म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या. कोणी सांगेल की रोड (Rode) कंपनीचा एनटी१ घे, त्याचा स्वतःचा नॉइज फक्त ४ डीबी आहे आणि एटी२०२० चा २०. बरोबर आहे, पण तुमची खोली रस्त्यावर, तिथला गोंगाट या दोन्हींच्या कितीतरी वर असणार, तो फरक ऐकूच येणार नाही. उगाच जास्त पैसे घालू नका.

यूएसबी चालेल, फक्त एकट्या गिटारचे रील्स टाकायचे असतील तर खुशाल घ्या. पण उद्या गाणं आणि गिटार दोन माईकवर एकदम घ्यावंसं वाटलं तर दोन यूएसबी माईक एकत्र चालवणं म्हणजे डोक्याला ताप. (यूएम२ लाही माईकचा इनपुट एकच आहे, तेव्हा दोन माईक इनपुटचा इंटरफेस लागेल.)

आता खरी गोष्ट, माईक ठेवायचा कुठे. साउंडहोलच्या (गिटारच्या मधल्या भोकाच्या) समोर ठेवू नका, नवीन माणूस हमखास तिथेच ठेवतो. भोकातून साधारण १०० हर्ट्झच्या आसपास हवेचा घुमारा येतो, त्यात माईक जवळ आला की बेस आणखी फुगतो आणि सगळं बूम बूम होतं. १२ व्या फ्रेटसमोर (गिटारच्या मानेवरची बारावी पट्टी) २० ते ३० सेंटीमीटरवर ठेवा, तोंड किंचित साउंडहोलकडे वळवा, मग तारांची किणकिण आणि लाकडाचा आवाज दोन्ही येतं. एटी२०२० हा बाजूने आवाज घेणारा माईक आहे, लोगो असलेली बाजू गिटारकडे हवी. बरेच जण त्याचं टोक गिटारकडे करतात आणि मग माईक मंद आहे म्हणून तक्रार करतात. कार्डिऑइडला मागून सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून माईकची पाठ खिडकीकडे करा, म्हणजे तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसणार. टेक घेताना पंखा बंद, उकडलं तरी बंदच. मागे कपड्यांचं कपाट असेल तर दारं उघडी टाका, नाहीतर दोरीवर एखादी जाड गोधडी टांगा, कोऱ्या भिंतीवरून उलटून येणारा आवाज बराच शोषला जातो. लेव्हल सगळ्यात जोरात वाजवताना उणे १२ डीबीच्या आसपास राहू द्या.

प्रश्न: माझ्या गिटारमध्ये पिकअप (आत बसवलेला, आवाज पकडणारा सेन्सर) आहेच, केबल थेट इंटरफेसला लावली तर माईकची गरज काय?

उत्तर: स्टेजवर पिकअपच बरा, फीडबॅकचा त्रास कमी. पण सॅडलखालचा (तारा टेकतात त्या पट्टीखालचा) पिएझो पिकअप तारांचा दाब पकडतो, गिटारच्या खोक्यातून हवेत जो आवाज येतो तो त्याला फारसा मिळतच नाही, म्हणून प्लॅस्टिकसारखा टोचरा आवाज येतो. घरी दोन्ही एकदम वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या, माईक मुख्य ठेवा आणि पिकअप खाली थोडासाच मिसळा. दोन्ही एकत्र लावल्यावर आवाज पातळ झाला तर पिकअपच्या ट्रॅकचा फेज उलटा (म्हणजे त्याची ध्वनिलहर उलटी) करून बघा.