स्टेगोडायफसला ‘मखमली कोळी’ म्हणावे का?

वाळवंटी प्राण्यांविषयीच्या लेखाचा अनुवाद करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे, की ‘स्टेगोडायफस’ या कोळ्यांना मराठीत मखमली कोळी, वाळवंटी कोळी आणि सामाजिक कोळी यांपैकी काय म्हणावे. या तिन्हींपैकी एकही शब्द एकटा पुरणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘मखमली’ हे विशेषण अंगावरच्या आखूड, दाट लवेवरून आले आहे आणि ती लव इरेसिडी या सबंध कुलाची खूण आहे. युरोपातला इरेसस, ज्याच्या लाल पाठीच्या नरावर काळे ठिपके असतात, तोही मखमलीच. चार डोळे मधोमध जवळजवळ आणि उरलेले चार दूर कोपऱ्यांत, ही ठेवणही कुलाची आहे. मागच्या पायांवरच्या केसांच्या फणीने विंचरून काढलेले, चिकट थेंब नसलेले लोकरी रेशीमही कुलाचेच. त्यामुळे नुसते ‘मखमली कोळी’ लिहिले, तर वाचकाला कूळ कळते, स्टेगोडायफस ही प्रजाती कळत नाही. (शास्त्रीय मराठीत ‘जीनस’ला प्रजाती आणि ‘स्पीशीज’ला जाती म्हणतात. वर्तमानपत्रांत ‘प्रजाती’ सर्रास जातीच्या अर्थाने येते, म्हणून अनुवादात हा भेद कटाक्षाने पाळावा.)

शास्त्रज्ञ शरीररचनेचे बारकावे तपासतात, पण आपल्याला फरक दिसतो तो कोळ्याच्या घरात. स्टेगोडायफसचे बहुतेक नातलग जमिनीतल्या बिळात, दगडाखाली किंवा झाडाच्या सालीखाली राहतात. नामिब वाळवंटातल्या सिओथायराचे सपाट जाळे वाळूवर हरणाच्या खुराचा ठसा उमटावा तसे दिसते आणि कोळी त्याखालच्या बिळात असतो. २०१२ मध्ये याच कुलातल्या एका प्रजातीला ‘लूरीडिया’ हे नाव दिले गेले, ते ‘व्हेल्वेट अंडरग्राउंड’ या वाद्यवृंदाच्या लू रीड या गायकावरून. मखमल आणि भूगर्भ हे दोन्ही गुण एकाच नावात इतके नेमके बसलेले क्वचितच आढळतात. स्टेगोडायफस मात्र जमीन सोडून झुडपावर चढतो. फांदीवर वाळकी पाने आणि भक्ष्याचे अवशेष गुंतलेले दाट रेशमी घरटे आणि तिथून आजूबाजूच्या डहाळ्यांवर ताणलेले पडद्यासारखे जाळे, ही त्याची ओळख.

‘सामाजिक’ हा शब्द तर फक्त तीन जातींना लागू पडतो: आफ्रिकेतल्या डुमिकोला व मिमोसारम आणि आपल्याकडची सरासिनोरम. या प्रजातीत सुमारे वीस जाती आहेत. नेगेव्ह वाळवंटातली लिनिएटस मादी एकटी राहते. ती पिलांना तोंडातून अन्न भरवते आणि शेवटी पिले तिलाच खातात. तिला ‘सामाजिक’ म्हणणे चूक ठरेल. दुसरीकडे सरासिनोरम दख्खनच्या कोरड्या माळांवर काटेरी झुडपांतही वसाहती करते, म्हणून सबंध प्रजातीला ‘वाळवंटी’ म्हणणेही योग्य नाही.

‘मखमली किडा’ म्हटले की आपल्याकडे पहिल्या पावसानंतर दिसणारा लाल मृगाचा किडा आठवतो, म्हणून ‘मखमली’नंतरचा ‘कोळी’ हा शब्द कधीही गाळू नये. लेखात पहिल्यांदा ‘स्टेगोडायफस, म्हणजे झुडपांवर जाळे विणणारे मखमली कोळी’ असे लिहावे आणि पुढे सर्वत्र ‘स्टेगोडायफस’ हेच नाव ठेवावे. लेख लिनिएटसपुरता असेल, तर ‘वाळवंटी’ हे विशेषण त्या जातीला जोडायला हरकत नाही.